घाटाची पायरी, गुळाची काहिल आणि उष्णतेचा हिशेब

एप्रिलमध्ये दुपारी तीनला कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर अनवाणी उतरून बघा. वरच्या काळ्या पायऱ्यांवर पाय टेकवत नाही आणि चार पायऱ्या खाली पाण्यात पाय घातला की थंडगार. दोघांवर सकाळपासून ऊन तेच पडलेलं असतं. पहाटे पाचला पुन्हा जा. आता दगड गार पडलेला असतो आणि पाणीच कोमट लागतं.

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे "दगड लवकर तापतो". पण हे उत्तर नव्हे, तोच प्रश्न फिरवून विचारलेला. लवकर का तापतो? यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बोलताना आपण त्या एकातच मिसळून टाकतो. पदार्थात उष्णता मावते किती, ती आत सरकते किती वेगाने, आणि त्याचा पृष्ठभाग ती घेतो किती व सोडतो किती. या तिन्ही बाबतींत एकच पदार्थ अव्वल असेल असं नाही. तांबं आत सरकवण्यात पहिलं, पण मावण्यात मागे. पाणी मावण्यात पहिलं, पण नुसतं स्थिर ठेवलं तर सरकवण्यात मागे. हे वेगळं करून पाहिलं की तवा कोणता घ्यावा इथपासून स्लॅब रात्री अकरालाही का धगधगतो इथपर्यंत बऱ्याच गोष्टी उलगडतात.

मावते किती

आधी एक प्रयोग, कारण आकडा वाचण्यापेक्षा तो हाताने काढला की पक्का बसतो. किराणा दुकानात मिळतं तसं एक किलोचं लोखंडी वजन घ्या. सुतळी बांधून ते उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे वजनही ९८ अंशांवर आलं. दुसऱ्या पातेल्यात बरोबर एक लिटर पाणी घ्या, समजा २५ अंशांचं. वजन उचला, क्षणभर निथळू द्या, झटकन त्यात सोडा, झाकण ठेवा, हलवा आणि तापमान बघा.

९८ आणि २५ यांच्या मधलं, म्हणजे साठच्या आसपास काहीतरी येईल असं वाटतं. येतं ३२. एक किलो लोखंड ६६ अंशांनी उतरलं आणि त्यात एक किलो पाणी जेमतेम ७ अंशांनी चढलं. वजनाऐवजी एक लिटर उकळतं पाणी ओतलं असतं तर मिश्रण साठच्या पुढे गेलं असतं. तापमान दोघांचं सारखं, हातात धरलं तर चटका दोघांचाही, पण आतला साठा नऊपट वेगळा. तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

प्रयोग चुकतो तो ठरावीक ठिकाणी. वजनाला दहा ग्रॅम उकळतं पाणी चिकटून आलं तरी उत्तरात अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडतो. वजन हवेत धरून ठेवलं तर ते तिथेच गार होऊ लागतं. अर्ध्या किलोचं स्टीलचं पातेलंही थोडी उष्णता खातं, त्यामुळे हिशेबात त्याला धरावं लागतं किंवा थर्माकोलचा डबा वापरावा लागतो. आणि तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही. तो ४२ अंशांच्या पुढे मोजत नाही, गरम पाण्यात काचेचा असेल तर फुटतो. स्वयंपाकघरातला काडीचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा.

एक किलो पदार्थाचं तापमान एका अंशाने वाढवायला जितकी उष्णता लागते, तिला शाळेच्या पुस्तकात विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. किलोज्यूलमध्ये ती अशी: पाणी ४.१८, खाद्यतेल २ च्या आसपास, ॲल्युमिनियम ०.९, काँक्रीट ०.८८, वीट आणि आपला काळा बेसाल्ट दोन्ही साधारण ०.८४, लोखंड ०.४५, तांबं ०.३९, शिसं ०.१३. लागणारी उष्णता काढायची तर वजन गुणिले हा आकडा गुणिले तापमानातला फरक. एवढंच गणित पुढे सगळीकडे लागणार आहे. एक युनिट वीज म्हणजे ३६०० किलोज्यूल, हेही लक्षात असू द्या.

फोडणीचं तेल बघता बघता कडक होतं आणि पाण्याला मात्र तेवढ्याच आचेवर वेळ लागतो, ते याचमुळे. तेलाला किलोमागे पाण्याच्या निम्मीही उष्णता लागत नाही, शिवाय ते १०० अंशांवर उकळून थांबतही नाही.

धातूंचे आकडे एवढे लहान का? १८१९ मध्ये दुलाँ आणि पेती या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना एक गंमत दिसली. धातूचा आकडा आणि त्याचा अणुभार यांचा गुणाकार केला की प्रत्येक वेळी जवळजवळ तेच उत्तर येतं, २५ च्या आसपास. लोखंडाचा अणुभार ५६, गुणिले ०.४५, झाले २५. तांब्याचा ६३.५, गुणिले ०.३९, पुन्हा २५. शिशाचा २०७, गुणिले ०.१३, येतात २७. म्हणजे नेहमीच्या तापमानाला घन धातूतला प्रत्येक अणू, तो जड असो की हलका, उष्णतेचा सारखाच वाटा घेतो. एक किलो शिशात अणू थोडे, म्हणून साठा थोडा. पाण्याचा रेणू हलका, त्यामुळे किलोत रेणू भरपूर आणि ते एकमेकांना हायड्रोजनच्या बंधांनी धरून असतात. दिलेल्या उष्णतेचा मोठा भाग हे बंध सैल करण्यात जातो आणि तापमान सावकाश चढतं.

एक सावधगिरी. हे सगळं वजनाच्या हिशेबाने झालं. जागेच्या हिशेबाने बघितलं तर चित्र बदलतं. एक घनमीटर पाण्यात अंशामागे ४१८० किलोज्यूल मावतात, तांब्यात ३४५०, बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ३३००, बेसाल्टमध्ये २४००, विटेत १५००. फरक एकदम कमी झाला ना? आणि हवेत किती? फक्त १.२. म्हणून खोलीतली हवा तापली की गार झाली याला फारसा अर्थ नसतो. दहा बाय दहाच्या खोलीत सगळी हवा मिळून अंशामागे ३५ किलोज्यूलसुद्धा धरत नाही आणि डोक्यावरचा पाच इंची स्लॅब २४०० च्या वर धरतो. एसी बंद केल्यावर दहा मिनिटांत खोली पुन्हा तापते, कारण गार झालेली असते ती हवा. स्लॅब होता तिथेच असतो.

तवा

भाकरीचा तवा जाड का लागतो हे याच गणितात आहे. एका भाकरीचं पीठ १२० ग्रॅम धरा, त्यात निम्म्याच्या आसपास पाणी. ती ३० अंशांवरून ९५ वर न्यायला २२ किलोज्यूल लागतात, वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याचे वेगळे. भाकरी टाकल्यावर पहिल्या काही सेकंदांत ही उष्णता गॅस देऊ शकत नाही, ती तव्याच्या साठ्यातूनच निघते. दीड किलोचा लोखंडी तवा तेवढी देताना ३२ अंशांनी उतरतो. अर्ध्या किलोचा पातळ पत्र्याचा तवा जवळजवळ शंभर अंशांनी उतरेल. तवा २५० अंशांवरून दीडशेवर आला की भाकरीला पापुद्रा सुटायच्या आतच ती वाळते आणि कडा चिरतात. मग हाताखालची बाई गॅस मोठा करते, तवा मधोमध लाल होतो आणि भाकरी मधे करपून कडेला कच्ची राहते. दोष पिठाला जातो.

ॲल्युमिनियमचा तवा किलोमागे लोखंडाच्या दुप्पट साठवतो, पण तो हलका असल्यामुळे प्रत्यक्षात साठा कमीच भरतो. त्याची खरी कमाई दुसऱ्या गोष्टीत आहे: उष्णता तो लोखंडाच्या तीन-चार पट वेगाने पसरवतो, म्हणून डोशाला सगळीकडे सारखा रंग येतो. स्टील मात्र पसरवण्यात फारच मागे. वाहकतेचा आकडा तांब्याचा ४००, ॲल्युमिनियमचा २०० च्या वर, बिडाचा पन्नासच्या आसपास आणि स्टेनलेस स्टीलचा १५. म्हणून चांगल्या स्टीलच्या पातेल्याच्या बुडाला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा थर दिलेला असतो आणि तो नसला की दूध बरोबर ज्वाळेच्या वर्तुळाएवढंच लागतं.

पायाला काय कळतं

आपल्या तळव्याला तापमान कळत नाही. त्याला कळतं ते उष्णता किती वेगाने आत येतेय किंवा बाहेर जातेय ते. पन्नास अंशांचा दगड आणि पन्नास अंशांची लाकडी फळी, पाय भाजतो तो दगडावर. दगड उष्णता धरूनही ठेवतो आणि पायाखालची संपली की आतून आणखी पुरवतोही. लाकडाची वाहकता दगडाच्या दहाव्या हिश्शाइतकी, त्यामुळे वरचा पातळ थर पायाला टेकून लगेच गार होतो आणि मागून भर येत नाही. कातड्याचंही तसंच. कोल्हापुरी चप्पलेचा तळ थरावर थर शिवलेला असतो, त्यातून उन्हाची धग वर यायला बराच वेळ लागतो. रबराची पातळ सपाता मऊ पडेल त्या डांबरी रस्त्यावर कोल्हापुरी आरामात चालते, ती यामुळेच.

आता घाटाकडे परत. दिवसभराचं ऊन दगडात किती खोल उतरतं? बेसाल्ट आणि काँक्रीटमध्ये दिवस-रात्रीच्या चढउताराची मुख्य खोली १४ सेंटिमीटर असते. त्याखाली हा चढउतार झपाट्याने कमी होत जातो. म्हणजे एका चौरस मीटर पायरीत कामाला येणारा साठा अंशामागे साडेतीनशे किलोज्यूल. पाण्याचं वेगळं. ऊन पाण्यात आरपार काही मीटर उतरतं, वारा आणि प्रवाह पाणी ढवळत राहतात. दोन मीटर खोल पाणी धरलं तर चौरस मीटरमागे साठा ८३६० किलोज्यूल, दगडाच्या चोवीसपट. एप्रिलमध्ये आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला सहा युनिटच्या आसपास ऊन पडतं. सगळंच्या सगळं पाण्यात मुरलं आणि काहीही बाहेर गेलं नाही तरी ते पाणी अडीच अंशांनी चढेल. वर बाष्पीभवन चालूच असतं. रंकाळा तलावावरून संध्याकाळी गार झुळूक येते त्याचं कारण हे.

स्लॅबवर जरा थांबू

कोल्हापुरात घराच्या गरमीची तक्रार जवळजवळ नेहमी वरच्या मजल्याची असते आणि नेहमी संध्याकाळची असते. "ऊन उतरलं तरी घर उतरेना." उतरणार नाहीच. उष्णतेची लाट काँक्रीटमधून सावकाश चालत येते. पाच इंची स्लॅब पार करायला तिला साडेतीन तास लागतात. गच्चीचा माथा दुपारी दीडला सर्वांत तापलेला असेल तर खोलीकडची बाजू पाच वाजता कळस गाठते आणि पुढे रात्रीपर्यंत रिकामी होत राहते.

साठा किती, तेही मोजू. दहा बाय दहाच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब साधारण २८०० किलोचा. तो १५ अंशांनी तापला तर त्यात ३७ हजार किलोज्यूल, म्हणजे दहा युनिट वीज भरावी इतकी उष्णता असते. ही काढायची कशी?

पहिला उपाय आत येऊच न देण्याचा, आणि तोच सर्वांत स्वस्त. दुपारी एवढ्या गच्चीवर सव्वाआठ किलोवॉटच्या आसपास ऊन पडतं. जुनं, काळवंडलेलं काँक्रीट त्यातलं दोन-तृतीयांश घेतं. ताजा पांढरा चुना पाव हिस्सा घेतो. फरक तीन किलोवॉटच्या वर, दीड टनाचे दोन एसी चालवायला लागणाऱ्या विजेएवढा.

चुना करायचा तो असा. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवायचा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात चुना थोडाथोडा सोडायचा, कारण किलोभर कळीचा चुना विरताना अकराशे किलोज्यूलच्या वर उष्णता बाहेर टाकतो. भट्टीत दगड भाजताना जी उष्णता आत घातली होती तिचाच एक भाग परत येतो, आणि पाणी नुसतं गरम नाही, उकळून उडतं. प्लास्टिकची बादली वाकते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. लोखंडी टब घ्या, डोळ्यांना चष्मा लावा. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून, ताकाइतका पातळ करून, गच्ची घासून धुऊन ओलसर असतानाच दोन हात मारा. पहिला हात वाळल्यावर दुसरा आडवा. सरस किंवा डिंक मिसळला तर तो पावडर होऊन पायाला लागत नाही. फेब्रुवारीअखेर हे काम झालेलं असावं. धुळीने पांढरेपणा महिन्याभरात मळतो, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा खराट्याने झाडावं. पावसाळ्यात चुना धुऊन जातोच, तो दरवर्षीचा खर्च आहे.

पत्र्याच्या शेडवाल्यांसाठी एक गोष्ट. चकचकीत पत्रा ऊन परतवतो हे खरं, पण उरलेली उष्णता बाहेर फेकण्यात तो कंजूष असतो. नव्या चमकत्या पत्र्यापेक्षा पांढरा रंगवलेला पत्रा दुपारी गार राहतो, कारण पांढरा रंग ऊनही परतवतो आणि आतली उष्णता आकाशाकडे सोडतोही.

दुसरा उपाय पाण्याचा, आणि इथे बहुतेक घरी पाणी वाया जातं. एक लिटर पाणी वाफ होताना २४०० किलोज्यूल घेऊन जातं, पाऊण युनिटला थोडं कमी. तेच लिटर नुसतं गच्चीवरून वाहून दहा अंश गरम होऊन पाइपात गेलं तर ४२ किलोज्यूल नेतं. साठपट फरक. म्हणून बादल्या ओतून गच्ची धुण्यात अर्थ नाही. सूर्य कलल्यावर, सहा-साडेसहाला, झारीने पातळ थर शिंपडा, वाळू द्या, पुन्हा शिंपडा. चार फेऱ्यांत मिळून दहा लिटर पुरे. ते सगळं गच्चीवरच सुकलं आणि सगळी उष्णता स्लॅबमधूनच घेतली तर स्लॅब दहा अंशांपर्यंत उतरतो. प्रत्यक्षात थोडी उष्णता हवेतूनही येते, त्यामुळे सहा-सात अंश धरा. जुनी पोती अंथरून ओली ठेवली तर पाणी टिकतं. जूनच्या दमट हवेत मात्र हा उपाय मंदावतो, कारण हवेलाच आणखी वाफ नको असते.

जुन्या वाड्याच्या दीड फुटी दगडी भिंतीचं कौतुक योग्यच आहे, पण ते अर्धवट समजलेलं असतं. ४५ सेंटिमीटर बेसाल्ट ओलांडायला लाटेला बारा तास लागतात, म्हणजे दुपारचं ऊन आत पोचतं मध्यरात्री, आणि तोवर त्याचा चढउतार पाच टक्क्यांहून कमी उरलेला असतो. भिंत आत सरासरी तापमान ठेवते. पण सरासरी खाली आणायचं काम रात्रीच्या वाऱ्याचं असतं. चोराच्या भीतीने रात्री सगळ्या खिडक्या लावून घेतल्या तर भिंतीचा साठा कधीच रिकामा होत नाही आणि मेच्या अखेरीला तोच वाडा गुदमरवतो. दिवसा बंद, रात्री सताड, असं चक्र पाळलं तरच जाड भिंत कामाची. पावसाळ्यात तर दिवस-रात्रीत फरकच थोडा, त्यामुळे तेव्हा जाड भिंतीचा उपयोग नाही, उलट ती गार राहून तिच्यावर ओल धरते.

काहिलीतलं गणित

आपल्या जिल्ह्यात उष्णतेचं खरं मोठं शास्त्र गुऱ्हाळावर चालतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ज्या कौशल्यावर ते उभं आहे ते चुलवाणापाशी दिसतं.

एक हजार किलो रस काहिलीत, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या पसरट कढईत, घेतला. तो २५ अंशांवरून उकळीला न्यायला २ लाख ८० हजार किलोज्यूल लागतात. पुढे त्यातलं ८०० किलोहून अधिक पाणी उडवायला किमान १८ लाख लागतात, सहापटीहून जास्त. या दुसऱ्या हिशेबातल्या उष्णतेने तापमान चढतच नाही, ती सगळी पाण्याची वाफ करण्यात जाते. तिला अप्रकट उष्मा म्हणतात. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात ती पहिल्यांदा मोजली. रस उकळायला लागल्यावर तासन् तास शंभरच्या आसपासच रेंगाळतो, जाळ कितीही वाढवा. वाढतो तो वाफेचा वेग.

मग शेवटी चित्र अचानक पालटतं. पाणी कमी झालं, साखर दाट झाली, आणि दोन गोष्टी एकदम घडतात. उडायला पाणी उरलं नाही म्हणून उष्णता तापमान चढवण्यात जाते. आणि रसाची विशिष्ट उष्माधारकता, जी सुरुवातीला ३.७ होती, ती पाकात सव्वादोनपर्यंत उतरलेली असते. वजनही हजारावरून दोनशेच्या आत आलेलं असतं. सुरुवातीला अख्ख्या काहिलीला एका अंशासाठी ३७०० किलोज्यूल लागत होते, आता चारशे-साडेचारशे पुरतात. तोच जाळ, आठ-नऊपट परिणाम. जो रस तीन तास हलला नाही तो काही मिनिटांत ११० वरून ११८-१२० वर जातो. तिथे गूळ निघाला पाहिजे. पुढे गेला की रंग काळवंडतो, कडवटपणा येतो. अलीकडे काढला तर रवा, म्हणजे गुळाची ढेप, घट्ट बसत नाही, पाझरतो.

गुळव्या पाक पळीने उचलून गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळून बघतो, ती भांड्यावर आपटून आवाज ऐकतो. ही पद्धत अंदाजाची वाटते पण ती पाकातल्या उरलेल्या पाण्याचं सरळ माप आहे. थर्मामीटर लावला तरी गोळी बघावीच, कारण फेसात अडकलेला थर्मामीटर दोन-तीन अंश कमी दाखवतो.

इथे चुलवाणाची वीट घात करते. समजा चुलवाणात दोन टन वीट आणि माती तापलेली आहे. ती शंभर अंशांनी उतरताना १ लाख ६८ हजार किलोज्यूल सोडते, म्हणजे ७० किलोहून अधिक पाण्याची वाफ करण्याइतकी. जाळ बंद केला म्हणून उष्णता बंद होत नाही. म्हणून जाणता जाळ घालणारा गोळी यायच्या आधीच हात आखडतो आणि काहिल उतरवायला माणसं तयार उभी असतात. याच कारणाने थंड चुलवाणावरची पहिली काहिल उशिरा निघते आणि तिला चिपाड जास्त जातं. पुढच्या काहिली आयत्या तापलेल्या विटांवर बसतात.

चिपाडाचा ओलावा हा दुसरा चोर. चरकातून निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं. कोरडं चिपाड किलोला १६ हजार किलोज्यूलच्या आसपास देतं, ओलं त्याच्या निम्मं, आणि त्यातूनही बाराशे-तेराशे स्वतःचंच पाणी उडवण्यात घालवतं. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. ज्वाळेचं तापमान पडतं, काळा धूर निघतो, न जळलेला कोळसा राखेत जातो. दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून वाळवलेलं आणि ताडपत्रीखाली झाकलेलं चिपाडच चुलवाणात जावं.

ताटातला रस्साही हेच सांगतो. तांबड्या रश्श्यावर तेलाचा तवंग असतो तोवर वाटी बराच वेळ कढत राहते. गरम रस्सा सर्वांत जास्त उष्णता गमावतो तो वाफेतून, आणि तवंग वाफेचं तोंड बंद करतो. वर वाफ दिसत नाही म्हणून पाहुणा बिनधास्त घोट घेतो आणि जीभ पोळते.

फाउंड्री

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत हेच तीन प्रश्न हजार अंशांच्या वर विचारले जातात. एक टन बीड वितळवून ओतायच्या तापमानाला न्यायला निव्वळ ३५० युनिट किंवा थोडी जास्त उष्णता पुरते. इंडक्शन भट्टीचं, म्हणजे पाण्याने गार ठेवलेल्या कॉइलमधून वीज सोडून लोखंड वितळवणाऱ्या भट्टीचं, मीटर मात्र साडेपाचशे ते साडेसहाशे दाखवतं. मधला फरक कॉइलच्या पाण्यातून, उघड्या झाकणातून आणि अस्तरातून जातो. झाकण उघडं ठेवणं सर्वांत महाग, कारण तापलेला पृष्ठभाग फेकतो ती उष्णता केल्विन तापमानाच्या चौथ्या घातात वाढते.

सिलिकाच्या नव्या अस्तराला घाई चालत नाही. क्वार्ट्झ ५७३ अंशांवर एकदम रचना बदलतो आणि फुगतो. त्या टप्प्यातून अस्तर जोरात नेलं तर त्याला चिरा जातात आणि पुढे चिरेतून वितळलेलं लोखंड कॉइलकडे धावतं. म्हणून पहिलं तापवणं ठरल्या वेगाने, सावकाश करतात.

साच्याची वाळू उष्णता हळू नेते, म्हणून बीड हळू गोठतं आणि त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर पडायला वेळ मिळतो. तिथेच लोखंडी चिल, म्हणजे साच्यात बसवलेला गार लोखंडाचा तुकडा, लावला तर उष्णता झपाट्याने खेचली जाते, कार्बनला वेळ मिळत नाही आणि पृष्ठभाग पांढरा, काचेसारखा कडक होतो. झिजणाऱ्या भागाला ते हवं असतं, मशिनिंग करायच्या भागाला नको. पातळ कास्टिंगच्या कडेला हीच कडकी आली तर टूल तुटतं.

आणि लेडल, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यापर्यंत नेऊन ओतायचं अस्तर लावलेलं भांडं. ३०० किलो लोखंड थंड लेडलमध्ये घेतलं, आत ६० किलो अस्तर आहे असं धरा. ते अस्तर सरासरी ५०० अंशांनी तापताना ३० हजार किलोज्यूल घेतं आणि लोखंड अंशामागे २५५ किलोज्यूल देतं. म्हणजे १४५० अंशांवर काढलेलं लोखंड ओतायला पोचेपर्यंत ११८ अंशांनी उतरलेलं असतं. जाड कास्टिंग त्यातूनही निघेल, पातळ भिंतीचं मधेच गोठतं, धार मिळत नाही आणि कोल्ड शट, म्हणजे धातू नीट न जुळलेलं सदोष कास्टिंग, म्हणून परत भट्टीत येतं. अस्तरात ओल राहिली असेल तर प्रश्न कास्टिंगचा राहत नाही. एक लिटर पाण्याची सतराशे लिटर वाफ होते, त्या तापमानाला आणखी कितीतरी जास्त, आणि ती लोखंड उडवत बाहेर पडते. सकाळच्या पहिल्या हीटआधी, म्हणजे लोखंडाच्या पहिल्या घाण्याआधी, लेडल पालथी घालून खालून बर्नर लावतात आणि आतलं अस्तर लाल दिसेपर्यंत तो हलवत नाहीत. दुरुस्त केलेल्या लेडलला आदल्या रात्रभर मंद आच दिलेली असते. पहिलं लोखंड घ्यायच्या आधी फोरमन टॉर्च मारून तळाचा कोपरा बघतो, कारण ओल शेवटी तिथेच राहते.